तीन जाड्या आणि चिमूटभर

आमच्या गावात लोहाराचं घर एकच होतं, आणि ते आमचं. कोयनेच्या खोऱ्यात, पाटणच्या अंगाला असलेलं लहानसं गाव. वेशीतून आत आलं की मारुतीचं देऊळ, देवळाच्या उजव्या हाताला लिंबाचं झाड आणि झाडाखाली आमची भट्टी. भट्टी म्हणजे चार मेढींवरचं छप्पर, मातीचा ओटा, चामड्याचा भाता, बाभळीच्या ओंडक्यात रोवलेली ऐरण आणि पाण्याची दगडी डोण. आप्पा म्हणजे माझे वडील हातोडा धरायचे, आई समोर उभी राहून घण मारायची आणि मी भाता ओढायचा. लोहाराच्या घरात बाईनं घण उचलणं हे कुणाला नवल वाटायचं नाही. नवल वाटायचं ते शाळेतल्या मास्तरांना.

बारा बलुतेदारांत लोहार वरच्या ओळीतला, असं आत्र्यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाड्या’पासून सगळीकडे लिहिलेलं आहे. ओळ वरची असली तरी बसायला जागा खळ्याच्या कडेलाच. वर्षभर फाळ शेवटायचे, खुरपी-विळ्यांना पाणी द्यायचं, कुऱ्हाडी, कुळवाच्या फासा, मोटेची कडी करायची आणि सुगीला खळ्यावर जाऊन पेंढ्या, पायल्या मागून आणायच्या. मी लहान असताना हे सगळं सुटत चाललं होतं. कुणी धान्य द्यायचं, कुणी ‘पुढल्या साली बघू’ म्हणायचं, तर कुणी रोख चार आणे टेकवून मोकळं व्हायचं.

पण आज सांगायचं आहे ते फाळाचं नाही, बाकाचं आहे. सरळ लोखंड वाकवायचं आणि ते जिथं वाकायला पाहिजे तिथंच वाकवायचं, ही लोहारकीतली सगळ्यात अवघड गोष्ट. बघणाऱ्याला वाटतं, तापवलं, ठोकलं, वळलं. ठोकणं ताकदीचं काम आहे खरं. पण कुठं ठोकायचं हे आधी ठरलेलं असावं लागतं, आणि ते ठरतं लोखंड गार असताना.

याचा पहिला धडा गाडीच्या धावेत असायचा. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी पट्टीची जी कड चढवतात ती धाव. धाव चढवायचा दिवस म्हणजे पोरांना जत्रा. गोवऱ्यांच्या जाळात धाव लाल व्हायची, तिघंचौघं सांडशांनी ती उचलून चाकावर बसवायचे, लाकडातून धूर निघायचा, वरून कळशीनं पाणी पडायचं आणि आवळत जाणाऱ्या धावेखाली चाकाचे सांधे कडाकडा बसायचे. सगळे ते बघायला यायचे. आदल्या दिवशी आप्पा काय करायचे ते बघायला कुणी येत नसे. ते चाकाच्या कडेवर कोळशाची खूण करायचे, सरळ पट्टी जमिनीवर अंथरायचे आणि खूण पट्टीच्या टोकावर ठेवून चाक त्या पट्टीवरून सावकाश ढकलत न्यायचे. खूण परत खाली आली की चाकाचा एक घेर झाला. तिथं पट्टीवर रेघ मारायची. पण पट्टी त्या रेघेवर तोडायची नाही. रेघेच्या पुढं ते पट्टीचाच एक तुकडा कडेवर उभा धरून त्याची जाडी तीनदा मोजायचे, वर चिमूटभर सोडायचे आणि तिथं दुसरी रेघ मारायचे. मग धाव चाकाला आवळून बसावी म्हणून त्यातून थोडं कमी करायचे, आणि जोडासाठी लागेल तेवढं वाढवायचे.

तीन जाड्या आणि चिमूटभर. हे मी दहा-पंधरा वेळा तरी पाहिलं असेल. का, म्हणून एकदाही विचारलं नाही.

मापाला आमच्याकडं ‘सूत’ चालायचं. एका इंचाची आठ सुतं. अर्ध्या इंचाची सळई म्हणजे चार सुती. शाळेत तोवर मीटर आणि सेंटिमीटर आले होते, पण भट्टीत सुताचंच राज्य. आप्पांना लिहायला-वाचायला येत नव्हतं. आज्याची एक घडीची लाकडी फूटपट्टी होती. तिच्यावरचे आकडे झिजून गेले होते, रेघा तेवढ्या राहिल्या होत्या. आप्पांचं त्यावाचून काही अडत नसे.

ही फूटपट्टी मुंबईची. आजा तरुणपणी गावातल्या इतरांसारखाच पोटामागं मुंबईला गेला आणि परळच्या रेल्वे कारखान्यात घण मारायच्या कामावर लागला. काही वर्षं राहिला, मग थोरला भाऊ गेला म्हणून भट्टी सांभाळायला परत आला. येताना फूटपट्टी आणली आणि डोक्यात आणखी एक गोष्ट आणली. बोरीबंदरच्या स्टेशनातले लोखंडी कठडे.

आमच्या मुलखात जुनं शोभेचं लोखंड नव्हतं असं नाही. वाड्यांच्या दारांना खिळे, कड्या, कोयंडे, साखळ्या असत. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावरचे अणकुचीदार खिळे सगळ्यांनी पाहिलेत. पण खिडकीचे गज सरळ असायचे. लोखंडच महाग होतं. सह्याद्रीच्या माथ्यावर, महाबळेश्वरच्या बाजूला धावड लोक जांभ्या दगडातून लोखंड गाळायचे. त्याला लागायचा ढीगभर कोळसा. पुढं जंगलं सरकारी झाली, आगगाडीनं विलायती पट्टी आणि सळई स्वस्तात येऊ लागली, आणि ते गाळणं बंद पडलं. त्या विलायती सळईबरोबरच लोखंडाची वेलबुट्टीही आली. मुंबईत जे. जे. कलाशाळा १८५७ साली निघाली. पुढच्या दशकात तिथं रंगकाम आणि मूर्तिकाम यांच्या जोडीला शोभिवंत लोहारकामाचा वेगळा वर्ग सुरू झाला. बोरीबंदरचं स्टेशन १८७८ साली बांधायला घेतलं, त्याला दहा वर्षं लागली, आणि त्याच्या नक्षीकामात या शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. हे मी फार पुढं वाचलं. आज्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो त्या जिन्यांच्या कठड्यांपाशी उभा राहायचा आणि बाक कुठून सुरू होतो ते बोटानं चाचपायचा. आप्पा सांगायचे, “पोलीस हटकायचा त्येला. चोर वाटायचा.”

गावी आल्यावर आज्यानं एका घराच्या माडीच्या कठड्याला पहिली गोल वळणं घातली. टोक आत वळत गेलेली. आमच्या घरात त्याला ‘वेलांटी’ म्हणायचे. डावीकडं वळली तर पहिली वेलांटी, उजवीकडं वळली तर दुसरी. अक्षर न येणाऱ्या माणसांनी हा शब्द कुठून उचलला कोण जाणे.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. आमच्या गावातली बरीच घरं बसली, शाळेच्या दोन भिंती पडल्या. सरकारची मदत, मुंबईकर मंडळींची वर्गणी आणि गावाचं श्रमदान यातून दीड वर्षानं शाळा परत उभी राहिली. भोवती दगडी कुंपण झालं आणि फाटकाचा प्रश्न आला. शाळा समितीत काहींचं म्हणणं, तालुक्याला वेल्डिंगचं दुकान निघालंय, त्या मिस्त्रीला काम द्यावं. हेडमास्तर म्हणाले, गावात लोहार असताना बाहेर कशाला? बैठकीत आप्पा दाराशी उभे होते. अध्यक्ष त्यांना म्हणाले, “हे बघ, फाळ शेवटायचं काम न्हाय हे. दोन झडपा एकमेकाला सुतात मिळाल्या पायजेत. माप चुकलं तर पैसा मिळणार न्हाय.”

तालुक्याचा तो मिस्त्री, आणि आप्पा नुसते लोहार. आप्पा म्हणाले, “चुकलं तर पैसं नगा दिऊ.”

आमच्या भट्टीचं रोख ठरवून घेतलेलं ते पहिलं मोठं काम. लोखंड तालुक्याच्या दुकानातून उधारीवर आणलं. फाटक आठ फुटी, चार-चार फुटांच्या दोन झडपा. प्रत्येक झडपेत चार सुती चौकोनी सळईचे उभे गज, दोन गजांमध्ये सात इंचांची जागा, आणि वरच्या अंगाला त्या जागांत एकेक कडं. एका झडपेत सहा, दोन्हींत मिळून बारा. शिवाय माथ्यावर चार मोठ्या वेलांट्या, समोरासमोर तोंड केलेल्या.

आप्पांनी आधी चित्र काढलं. पडक्या शाळेतली एक मोठी शहाबादी फरशी आणून छपराखाली टाकली आणि तिच्यावर खडूनं पुऱ्या मापाची वेलांटी काढली. लहान कागदावरचं चित्र लोहाराच्या उपयोगाचं नाही. चित्र आहे तेवढंच्या तेवढं हवं, म्हणजे गरम लोखंड त्याच्यावर ठेवून ताडून बघता येतं. मग भिजवलेली सुतळी त्या रेघेच्या बरोबर मधून वळवत नेली. भिजलेली सुतळी सरकत नाही. वळणावर चार-चार बोटांनी खडूच्या आडव्या खुणा केल्या आणि त्याच जागी सुतळीला काजळीचे ठिपके लावले. सुतळी उचलून सरळ सळईवर ताणली, आणि जिथं जिथं ठिपका आला तिथं सळईच्या कडेच्या अंगावर, मधोमध, पंचानं बारीक खूण मारली.

मी विचारलं, “आप्पा, खडूनंच रेघ मारली तर?”

“जाळात घाल की. खडू ऱ्हातोय का बघ.”

घातली. लोखंड लाल झालं, पापुद्रा धरला आणि खडू गेला. पंचाची खूण मात्र लाल लोखंडात काळ्या तिळासारखी दिसत राहिली. आणि ही खूण बाकाच्या बाहेरच्या अंगाला कधी मारायची नाही. बाहेरचं अंग ताणलं जातं, खूण उघडते, आणि तिथूनच पुढं चीर जाते.

दुसरी गोष्ट तापाची. लाल-पिवळं तापलेलं लोखंड फुटामागं जवळजवळ एक सूत वाढलेलं असतं. गरमावर मापून “बरोबर आलं” म्हणणारा गार झाल्यावर रडतो. तिसरी गोष्ट पाण्याची. लाल झालेली सळई नेमकी खुणेवर वाकायची तर खुणेच्या अलीकडं झारीनं पाणी सोडून तेवढं काळं करून घ्यायचं. काळं वाकत नाही, लाल तेवढंच वाकतं. आमच्या ऐरणीला शिंग नव्हतं. ओंडक्यात रोवलेल्या पहारीच्या तुकड्यावर गोलाई घ्यायची. थोडं वळवायचं, फरशीवर चित्राशी लावायचं, सळईची प्रत्येक खूण चित्राच्या आपापल्या खुणेवर येते का बघायचं, आणि परत जाळात. आणि सगळ्याच्या आधी एक नमुन्याचा तुकडा. तो वाकवून बघायचा, खूण बाकाच्या पोटात येते की सुरुवातीला येते ते ताडायचं, आणि मगच खरी सळई हातात घ्यायची.

मी तेव्हा आठवीत होतो. वर्तुळाचा परीघ नुकताच शिकलो होतो. व्यास गुणिले बावीस सप्तमांश. आप्पा म्हणाले, “कड्याचा आतला गाळा सहा इंच धरायचा. किती सळई लागंल, हिशेब करून ठिव. तोडू नगंस.” आणि ते पाटणच्या बाजाराला गेले.

हिशेब सोपा होता. सहा गुणिले बावीस भागिले सात. अठरा इंच आणि सात सूत जवळजवळ नेमकं. मला इतका आनंद झाला की आप्पा यायच्या आत काम करून ठेवावं असं वाटलं. पंचानं खुणा मारल्या आणि करवतीनं बारा तुकडे पाडले. हाताला फोड आले. सगळे तुकडे एकासारखे एक. भिंतीला ओळीनं लावून ठेवले.

आप्पा दिवेलागणीला आले. तुकडे बघितले, उचलले, फूटपट्टी लावली. काही बोलले नाहीत. भट्टी पेटवायला सांगितली. एक तुकडा तापवला आणि सहा इंची गाळा धरून गोल वळवला. दोन टोकं एकमेकांकडं आली आणि थांबली. मधे दीड इंचाच्या वर फट.

“बावीस सप्तमांश बरोबर आहे,” मी म्हणालो. आवाज रडवेला झाला होता.

“आसंल की,” आप्पा म्हणाले. त्यांनी उरलेल्या सळईचा एक तुकडा घेतला आणि त्या फटीत आडवा धरला. एक. सरकवून दोन. परत सरकवून तीन. वर चिमूटभर जागा राहिली.

“धावंला काय करतो आपुन?”

मला तेव्हा कळलं. सळईला जाडी असते. वळवली की आतलं अंग दाबलं जातं, बाहेरचं ताणलं जातं, आणि दोहोंच्या मधली रेघ तेवढी आपली लांबी राखते. माप त्या मधल्या रेघेचं धरायचं. मी आतल्या पोकळीचा परीघ मोजला होता, म्हणजे जिथं लोखंडच नाही तिथला. सहा इंच गाळा, त्यात अर्धी जाडी इकडं आणि अर्धी जाडी तिकडं, म्हणजे साडेसहा. साडेसहाला बावीस सप्तमांशानं गुणलं की वीस इंच आणि साडेतीन सुताला किंचित कमी. माझ्या मापात नेमक्या तीन जाड्या आणि एका जाडीचा सातवा हिस्सा कमी पडला होता. आप्पांची चिमूट म्हणजे तो सातवा हिस्सा. वर भट्टीत जोड घालायचा तर त्याला आणखी एक जाडी, ती वेगळीच.

एकोणीस फूट सळई गेली होती. उधारीची. दुकानदार आधीचे पैसे मिटल्याशिवाय पुढचं लोखंड देणार नव्हता. आप्पांनी मला मारलं नाही. रात्री कुणी फारसं जेवलं नाही एवढं आठवतं. दोन दिवसांनी आईनं दारची शेळी विकली. ती शेळी आईची होती, तिच्या माहेरून आलेली. मला त्याबद्दल घरात कुणी कधी बोललं नाही, आणि म्हणूनच ते अजून जात नाही.

नवी सळई आली. आप्पांनी खूण करायला मलाच बसवलं. या वेळी तोडायच्या आधी एक कडं पुरं करून बघितलं. लोणारी कोळशाचा जाळ केला, टोकं तिरकी बसवली, टाकणखार टाकला, लोखंड पांढरं होऊन ठिणग्या उडायला लागल्या तसं आईनं दोनच हलके घण दिले आणि जोड बसला. गार झाल्यावर गाळा मोजला. सहा इंच. मग बाकीचे अकरा तोडले.

माथ्याच्या चार वेलांट्या वळवायला आठवडा लागला. पहिल्या दोन जमल्या, दुसऱ्या दोन उलट्या हाताच्या असल्यानं आप्पांनाही घाम फुटला. चित्र तेच, पण फरशीवर सळई पालथी लावून बघायची. जिथं वेलांटी गजाला टेकते तिथं पट्टीचं कडं गरम गुंडाळून आवळायचं. त्यालाही तोच नेम. दोन्ही सळयांचा मिळून बाहेरचा घेर आणि वर पट्टीच्या दोन-अडीच जाड्या.

माझे बारा तुकडे भिंतीला तसेच उभे होते. एक वाकवून वाया गेलेला, अकरा सरळ. एका संध्याकाळी आप्पांनी तो वाकवलेला तुकडा परत सरळ केला, फरशीवर एक आडवं दुतोंडी वेटोळं काढलं, एक तोंड वर वळलेलं, एक खाली, आणि सुतळी लावली. म्हणाले, “ह्यात टोकाला टोक मिळायचं न्हाय. तुझ्या मापात बसतंय बघ.” बारा वेटोळी झाली. सहा डावी, सहा उजवी. ती खालच्या ओळीत गजांमध्ये बसली.

फाटक चढवायच्या दिवशी अख्खा गाव होता. झडपा बिजागरीत बसल्या, आप्पांनी दोन बोटांनी ढकलल्या आणि त्या मधे येऊन मिळाल्या. अध्यक्षांनी फटीत नाणं घालून बघितलं, वरपासून खालपर्यंत. मग खाली वाकून म्हणाले, “ही खालची वळणं चित्रात नव्हती.”

“खाली मोकळं मोकळं वाटत हुतं,” आप्पा म्हणाले. “त्येचं पैसं न्हाईत.”

हेडमास्तरांनी पावती लिहिली आणि वाचून दाखवली. त्यात ‘मिस्त्री’ असं लिहिलं होतं. आप्पांनी अंगठा उठवला. शाळेच्या कोनशिलेवर उद्घाटन करणाऱ्यांचं नाव आहे, वर्गणीदारांची नावं आहेत. फाटक कुणी केलं ते कुठं नाही.

तीनच वर्षांनी १९७२ चा दुष्काळ पडला. खडी फोडायच्या आणि तलावाच्या कामांवर माणसं गेली, आणि आप्पा दिवसभर पहारी-टिकावांची टोकं काढत बसले. नक्षीचं काम कुणाला सुचणार? दुष्काळ सरला तोवर लाकडी चाकं जाऊन टायरच्या गाड्या येऊ लागल्या होत्या. धाव संपली. पुढं गावात वीज आली, तिच्यामागून वेल्डिंगचं मशीन आलं. मी जिल्ह्याच्या गावी आयटीआयला गेलो. तिथं निदेशकांनी फळ्यावर वाकलेल्या पट्टीचं चित्र काढलं, मधे तुटक रेघ मारली आणि म्हणाले, हा उदासीन अक्ष, याची लांबी बदलत नाही. बाक फार आवळ असेल तर तो किंचित आतल्या अंगाला सरकतो. मी वहीत उतरवून घेतलं. सुट्टीत आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, “आवळ बाकाला जाडी पुरी धरायचीच न्हाय. आन् काय सांगितलं?”

आज आप्पा नाहीत, आईही नाही. शाळेत मोठ्या गाड्या येऊ लागल्या, आठ फुटी फाटक पुरेना, म्हणून सरकतं नवं बसवलं. जुनं भंगारात निघालं होतं. मी आणि माझ्या वर्गातल्या दोघांनी जाऊन ते मैदानाच्या मागच्या वाटेला लावून घेतलं. तेव्हा टेप घेऊन एकेक कडं मोजलं. बारा कडी, सगळ्यांत फरक अर्ध्या सुताच्या आत. खालची बारा वेटोळी मात्र मी मोजली नाहीत. त्यांचं माप मला पाठ आहे.

परवा तालुक्याला फॅब्रिकेशनच्या एका दुकानात बसलो होतो. तिथला पोरगा हुशार. मोबाइलवर हिशेब करून त्यानं जिन्याच्या कठड्यासाठी रिंगा कापल्या, मशीनवर गारच वळवल्या, आणि फट राहिली. तो मोबाइलकडं बघत राहिला.

“दादा, पाय बरोबर घेतला होता हो.”

“तो बरोबरच असतो,” मी म्हणालो. “सळईचा एक तुकडा आण आणि त्या फटीत आडवा धरून बघ. किती वेळा बसतो?”

त्यानं धरला. एक, दोन, तीन.

“आणि वर?”

“थोडंसं राहिलं.”

“किती कापल्या?”

“दोनच.”

“मग काही बिघडलं नाही,” मी म्हणालो.